विश्लेषण : दाखल्यावरचा एक शेरा बदलण्यासाठी अमेरिकी माजी सैनिक वर्षानुवर्षे का झगडतात?

शाळा सोडल्याचा दाखला आपण प्रत्येकाने पाहिला आहे. त्यावर 'वर्तणूक' आणि 'शाळा सोडण्याचे कारण' असे रकाने असतात. बहुतेकांच्या वर्तणुकीपुढे 'चांगली' लिहून मुख्याध्यापक सही ठोकतात आणि पुढे आयुष्यभर तो रकाना कुणी वाचत नाही. अमेरिकी लष्करातून बाहेर पडणाऱ्या सैनिकालाही असाच एक दाखला मिळतो. त्याचे नाव 'डीडी-२१४'. त्यावरही वर्तणुकीचा आणि कारणाचा रकाना असतो. फरक एवढाच, की तिथला शेरा सगळे वाचतात. सरकारी रुग्णालय, विद्यापीठ, बँक, नोकरी देणारी कंपनी आणि सैनिक परदेशी नागरिक असेल तर नागरिकत्व देणारे खातेसुद्धा.

हा शेरा बदलून घेण्याची सोय अमेरिकी कायद्यात १९४४ पासून आहे. करोनाची लस नाकारल्याबद्दल ८ हजारांहून अधिक सैनिकांना सेवेतून काढले गेले होते. २७ जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी त्यांच्यासाठी सेवेची दारे पुन्हा उघडणारा आदेश काढला, तेव्हा जुना प्रश्न नव्याने वर आला. ज्यांच्यासाठी राष्ट्राध्यक्ष आदेश काढत नाहीत, अशा माजी सैनिकांनी काय करायचे?

शेरे कोणते आणि ते देते कोण?

वरून खाली पाच पायऱ्या आहेत. सगळ्यात वर 'ऑनरेबल'. त्याखाली 'जनरल', म्हणजे सेवा समाधानकारक, पण कुठेतरी खोट. तिसरी पायरी 'अदर दॅन ऑनरेबल', शब्दशः 'सन्माननीय सोडून इतर'. हे तिन्ही शेरे प्रशासकीय आहेत, त्यासाठी न्यायालयात दोष सिद्ध व्हावा लागत नाही. चौथा 'बॅड कंडक्ट' आणि पाचवा 'डिसऑनरेबल' हे मात्र कोर्ट मार्शलमध्ये शिक्षा म्हणूनच मिळतात. सुरुवातीच्या प्रशिक्षणातच कुणी बाहेर पडला, तर त्याच्या दाखल्यावर 'अनकॅरॅक्टराइझ्ड' लिहिले जाते. चांगला नाही, वाईटही नाही.

सगळा पेच तिसऱ्या पायरीवर आहे. समजा, २२ वर्षांचा एक मरीन अफगाणिस्तानातून परतला आहे. झोप लागत नाही, दचकून उठतो, गांजा ओढायला लागतो, दोन-चार दिवस न सांगता गायब होतो. वरिष्ठ त्याच्यासमोर दोन पर्याय ठेवतात : कोर्ट मार्शलला सामोरा जा, तुरुंगही होऊ शकतो, नाहीतर 'अदर दॅन ऑनरेबल' स्वीकार आणि घरी जा. त्या वयात, त्या अवस्थेत कोण काय निवडेल हे सांगायला नको. सही होते. आपण कशावर सही केली, हे अनेकांना पहिल्यांदा रुग्णालयाच्या खिडकीवर नकार मिळाल्यावर कळते.

यात भर एका अफवेची. 'सहा महिने थांब, शेरा आपोआप ऑनरेबल होतो' असे अमेरिकी बराकींमध्ये कित्येक पिढ्या एकमेकांना सांगत आल्या आहेत. ते साफ खोटे आहे. इंजिनीअरिंगला केटी लागली तर पुढच्या परीक्षेत ती सोडवता तरी येते. इथे पुढची परीक्षाच नसते. अर्ज केल्याशिवाय त्या कागदावरचे एक अक्षरही हलत नाही.

शेऱ्याने नेमके काय बिघडते?

'ऑनरेबल' आणि 'जनरल' यांच्यात फारसा फरक नाही, असे बाहेरून वाटते. पण अमेरिकी सैनिकाला उच्च शिक्षणासाठी मदत देणारी 'जीआय बिल' ही योजना फक्त पूर्ण 'ऑनरेबल' असणाऱ्यालाच मिळते. तिच्या एका जुन्या प्रकारात सैनिक सेवेत असताना स्वतःच्या पगारातून महिन्याला १०० डॉलर असे १,२०० डॉलर भरतो. 'जनरल' शेरा आला की पैसे भरूनही शिक्षण नाही. गरीब घरातली अनेक मुले लष्करात कॉलेजच्या खर्चासाठीच जातात. त्यांच्यासाठी ही एक पायरी म्हणजे सगळा व्यवहारच बुडाल्यासारखे आहे.

'अदर दॅन ऑनरेबल'वाल्यांची अडचण याहून मोठी. माजी सैनिकांचे खाते, ज्याला तिथे सगळे 'व्हीए' म्हणतात, त्यांना थेट दारात उभे करत नाही. आधी त्यांच्या सेवेची स्वतंत्र चौकशी होते आणि मग त्यांना 'माजी सैनिक' म्हणायचे की नाही, हे ठरते. होय, युद्धावर जाऊन आलेला माणूस कायद्याच्या व्याख्येत 'माजी सैनिक' नसू शकतो. व्हीएने या चौकशीचे नियम जून २०२४ पासून थोडे सैल केले आहेत. मानसिक आजार, युद्धातील हालअपेष्टा, सेवेतील लैंगिक अत्याचार अशा गोष्टी आता विचारात घ्याव्या लागतात. त्याआधी, २०१८ च्या एका कायद्याने युद्धक्षेत्रात सेवा केलेल्या किंवा लैंगिक अत्याचार सोसलेल्या अशा सैनिकांना मानसोपचार तरी खुले केले होते. पण व्हीएने कुणाला पात्र ठरवले म्हणून दाखल्यावरचा शेरा बदलत नाही. ते काम लष्कराच्या मंडळांचे.

सगळ्यात खालच्या 'डिसऑनरेबल'वर तर केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगण्याचीही बंदी येते. अमेरिकेत ही केवढी गोष्ट आहे, हे वेगळे सांगायला नको.

अर्ज कुठे करायचा?

दारे दोन आहेत. पहिले 'डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड'. अर्जाचा नमुना डीडी-२९३, मुदत डिस्चार्जपासून १५ वर्षे. सैनिकाला स्वतः हजर राहून किंवा व्हिडिओवरून बाजू मांडता येते. जनरल कोर्ट मार्शलने दिलेला शेरा मात्र या मंडळाच्या कक्षेत येत नाही.

दुसरे दार लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाचे. नमुना डीडी-१४९. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो, पण न्यायाच्या दृष्टीने गरज वाटली तर मंडळ उशीर माफ करू शकते. इथे नागरी अधिकारी बसतात आणि त्यांचे हात बरेच मोकळे असतात. शेराच काय, कारण बदलणे, थकीत पगार देणे, वैद्यकीय निवृत्ती मंजूर करणे हेही ते करू शकतात. हे मंडळ कसे जन्मले, ही गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत एकेका सैनिकाची नोंद सुधारायला अमेरिकी काँग्रेसमध्ये स्वतंत्र विधेयक आणावे लागे. त्यांचा इतका ढीग झाला, की १९४६ मध्ये खासदारांनी हे काम लष्करी खात्यांवर सोपवून स्वतःची सुटका करून घेतली.

अर्जाला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही. ऐकायला सगळे सोपे. अडचण वेगळीच आहे. मंडळ 'लष्कराने त्या वेळी केले ते बरोबरच केले असणार' या गृहीतकापासून सुरुवात करते. आमच्या भाषेत सांगायचे तर, डीफॉल्ट सेटिंग लष्कराच्या बाजूने आहे. ती बदलायला पुरावा सैनिकाने आणायचा. कारवाई करताना नियम मोडला गेला, हे तरी दाखवायचे. नाहीतर नियम पाळूनही शेरा अन्याय्य होता, हे तरी पटवायचे.

पुरावा आणणार कुठून? सेंट लुईसच्या राष्ट्रीय अभिलेखागारात १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख सैनिकांच्या फायली जळाल्या. १९१२ ते १९५९ या काळात भूदलातून बाहेर पडलेल्यांच्या सुमारे ८० टक्के नोंदी त्यात गेल्या. कोरियन युद्धातल्या सैनिकाने आज स्वतःची बाजू मांडायची म्हटली तर फाइलच्या जागी राख आहे. अलीकडच्या सैनिकांच्या फायली शाबूत आहेत, पण त्यात आजाराचा उल्लेखच नसतो. कारण तेव्हा कुणी तपासलेच नाही, किंवा सैनिकाने भीतीपोटी सांगितलेच नाही.

२०१४ मध्ये काय बदलले?

आघातानंतरच्या मानसिक विकाराला, म्हणजे पीटीएसडीला, अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदान-पुस्तिकेत जागा मिळाली १९८० मध्ये. व्हिएतनाम युद्ध संपले १९७५ मध्ये. म्हणजे त्या युद्धातून आलेला सैनिक ज्या आजाराने कोलमडला, त्या आजाराला तेव्हा नावच नव्हते. फाइलवर लिहिले गेले ते 'बेशिस्त', 'गैरहजर', 'नशा'.

३ सप्टेंबर २०१४ रोजी तेव्हाचे संरक्षणमंत्री चक हेगेल यांनी मंडळांना एक लेखी सूचना दिली. हेगेल स्वतः व्हिएतनाममध्ये पायदळात लढले होते. अर्जदाराला सेवेदरम्यान पीटीएसडी असण्याची शक्यता दिसत असेल तर अर्जाकडे उदारपणे पाहा, असा त्या सूचनेचा अर्थ. २५ ऑगस्ट २०१७ च्या दुसऱ्या सूचनेने मेंदूला बसलेला मार, इतर मानसिक आजार आणि सेवेतील लैंगिक अत्याचार यांनाही त्याच छत्राखाली आणले. पुराव्याचा प्रश्नही तिने थोडा सोडवला. फाइलमध्ये नोंद नसेल तर घरच्यांची पत्रे, मित्रांचे जबाब, कामगिरीत अचानक झालेली घसरण, वारंवार केलेले बदलीचे अर्ज यांनाही पुरावा मानता येईल, असे तिने सांगितले. अत्याचाराची तक्रार केली नव्हती, म्हणून तो झालाच नाही, असे आता म्हणता येत नाही.

मंडळाने आता चार प्रश्न विचारायचे. वर्तनाला सौम्य ठरवेल असा आजार किंवा अनुभव होता का? तो सेवेच्या काळातला होता का? त्या आजारामुळे ते वर्तन खरोखर समजून घेता येते का? आणि शेवटी, तो डिस्चार्जच्या कारणापेक्षा जड भरतो का? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे कागदावर शोधता येतात. खरी झुंज तिसऱ्या-चौथ्याशी. झोपेसाठी गांजा ओढणारा इथे टिकतो. आखणी करून सामान चोरून विकणारा सहसा टिकत नाही, कारण पूर्वनियोजित गुन्ह्याचे कारण पीटीएसडी असण्याची शक्यता कमी, असे हेगेल यांच्या सूचनेतच म्हटले आहे. जुलै २०१८ च्या आणखी एका सूचनेने केवळ दया आणि न्याय या आधारावरही विचार करण्याची मुभा दिली.

या सूचनांची गरज किती होती, याचा अंदाज अमेरिकी सरकारच्या लेखापाल कार्यालयाच्या मे २०१७ च्या अहवालावरून येतो. २०११ ते २०१५ या आर्थिक वर्षांत गैरवर्तनासाठी ९१,७६४ सैनिकांना काढण्यात आले. त्यातील ५७,१४१ जणांना, म्हणजे ६२ टक्क्यांना, आधीच्या दोन वर्षांत पीटीएसडी, मेंदूची दुखापत किंवा त्याच्याशी जोडलेल्या एखाद्या विकाराचे निदान झाले होते. त्यातल्या १३,२८३ जणांच्या दाखल्यावर 'अदर दॅन ऑनरेबल' आले. हा ६२ टक्क्यांचा आकडा भाषणांमध्ये सर्रास 'पीटीएसडीचे सैनिक' म्हणून फेकला जातो, ते बरोबर नाही. त्यात नैराश्य, दारूशी संबंधित विकार वगैरेही आहेत. निव्वळ पीटीएसडी किंवा मेंदूच्या दुखापतीचे प्रमाण १६ टक्के होते. पण तेही थोडे नाही. निदान करणारे लष्कराचेच डॉक्टर आणि घरी पाठवणारे लष्कराचेच अधिकारी.

सूचना आल्या तरी मंडळांच्या सवयी लगेच बदलल्या नाहीत. इराक आणि अफगाणिस्तानात लढून आलेल्यांना सामूहिक दावे घेऊन न्यायालयात जावे लागले. त्यात भूदलाने २०२१ मध्ये आणि नौदलाने २०२२ मध्ये तडजोड केली आणि हजारो फेटाळलेले अर्ज नव्याने तपासायचे मान्य केले.

निळ्या कागदाचा इतिहास

शेरा हा पूर्वीपासून वर्तणुकीइतकाच वर्णाचाही मामला राहिला आहे. दुसऱ्या महायुद्धात 'ऑनरेबल' नाही आणि 'डिसऑनरेबल'ही नाही, अशांना निळ्या कागदावर डिस्चार्ज मिळे. १ डिसेंबर १९४१ ते ३० जून १९४५ या काळात भूदलाने असे ४८,६०३ निळे कागद दिले. त्यातील १०,८०६ कृष्णवर्णीय सैनिकांना, म्हणजे २२ टक्क्यांहून अधिक. तेव्हा भूदलात कृष्णवर्णीयांचे प्रमाण होते साडेसहा टक्के. समलिंगी असल्याचा नुसता संशय आलेल्यांनाही हाच कागद मिळाला. कायद्याने जीआय बिलातून फक्त 'डिसऑनरेबल'ना वगळले होते, पण व्हीएने निळ्या कागदवाल्यांनाही रिकाम्या हाताने परत पाठवले. 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राने याविरुद्ध मोहीम चालवली आणि १९४७ मध्ये निळा कागद बंद झाला. त्याच्या जागी जे प्रकार आले, त्यांचेच वारस आजचे शेरे आहेत.

दुरुस्तीला किती वेळ लागू शकतो, हे पोर्ट शिकागोवरून दिसते. १७ जुलै १९४४ रोजी कॅलिफोर्नियातील या नौदल तळावर दारूगोळा चढवताना स्फोट होऊन ३२० जण मेले, त्यातले २०२ कृष्णवर्णीय. काही आठवड्यांत वाचलेल्यांना पुन्हा तेच काम करायला सांगितले. २५८ जणांनी नकार दिला. त्यातील ५० जणांना बंडाच्या आरोपाखाली दोषी ठरवले गेले, उरलेल्यांना किरकोळ कोर्ट मार्शलमध्ये. पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झालेले थर्गुड मार्शल यांनी तेव्हा त्यांची बाजू लढवली, यश आले नाही. शेवटी १७ जुलै २०२४ रोजी, बरोबर ८० वर्षांनी, नौदलमंत्री कार्लोस डेल टोरो यांनी २५६ जणांना दोषमुक्त केले. त्यातला एकही तोवर जिवंत नव्हता.

अर्जाशिवाय शेरा बदलतो का?

बदलतो. सरकारने मनावर घेतले तर. समलिंगी सैनिकांना आपली ओळख लपवायला लावणारा 'डोन्ट आस्क, डोन्ट टेल' हा नियम २० सप्टेंबर २०११ रोजी रद्द झाला. त्याखाली काढल्या गेलेल्यांनाही आधी 'अर्ज करा' असेच सांगितले गेले. अनेकांनी केला नाही. ज्या संस्थेने अपमान करून हाकलले, तिच्यापुढे पुन्हा तोच तपशील मांडायला कोण जाईल? सप्टेंबर २०२३ मध्ये पेंटागॉनने स्वतःहून जुन्या फायली उघडायचे ठरवले. वर्षभरात ८५१ प्रकरणे तपासली आणि जवळपास ९७ टक्के प्रकरणांत दिलासा दिला. अर्ज नाही, वकील नाही, पुरावा गोळा करणे नाही. नोंदी सरकारकडेच होत्या.

लसीच्या प्रकरणाची तुलना इथे करून पाहावी. ऑगस्ट २०२१ मध्ये लस सक्तीची झाली, जानेवारी २०२३ मध्ये सक्ती उठली. मधल्या काळात केवळ लस नाकारल्याबद्दल काढलेल्यांना 'जनरल'च्या खालचा शेरा देता येणार नाही, अशी तरतूद काँग्रेसने कायद्यातच करून ठेवली होती. आणि सक्ती उठल्यानंतर दोन वर्षांत राष्ट्राध्यक्षांचा आदेश आला. लस नाकारणाऱ्यांवर अन्याय झाला की नाही, यावर दोन मते असू शकतात. पण त्यांच्यामागे मतदारांचा मोठा गट होता, हे कुणी नाकारणार नाही. युद्धातून आजारी होऊन परतलेल्या, नशेत सापडलेल्या मुलामागे असा गट नसतो. लष्कराच्या संगणकावर त्याचे निदानही आहे आणि डिस्चार्जचे कारणही. दोन्ही याद्या जुळवून पाहणे, हे तांत्रिकदृष्ट्या अवघड काम नाही. लेखापाल कार्यालयाने ते २०१७ मध्ये करून दाखवले आहे. तरीही पहिले पाऊल त्यानेच टाकायचे, ही पद्धत कायम आहे.

याआधी एकदा सरसकट फेरविचार झाला होता. राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७७ मध्ये व्हिएतनामच्या सैनिकांसाठी विशेष योजना आणली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काँग्रेसने कायदा करून या योजनेत सुधारलेल्या शेऱ्यावर व्हीएचे लाभ आपोआप मिळणार नाहीत, अशी पाचर मारली. सैनिकसेवा टाळून पळालेल्यांना कार्टर यांनी जानेवारीतच सरसकट माफी दिली होती. जे गेले आणि तिथे मोडले, त्यांच्या वाट्याला मात्र अर्धाच दिलासा आला.

भारतीयांचा यात काय संबंध?

अमेरिकी लष्करात परदेशी नागरिकही भरती होतात, कारण युद्धकाळातील सेवेमुळे नागरिकत्व लवकर मिळते. २००९ पासून 'मॅव्हनी' या योजनेत हिंदी, पंजाबी, तमिळसारख्या भाषा जाणणाऱ्या किंवा वैद्यकीय कौशल्य असलेल्या, ग्रीन कार्ड नसलेल्यांनाही घेतले गेले. १० हजारांहून अधिक जण आले, त्यात भारतीयही होते. २०१६ मध्ये भरती थांबली आणि पुढच्या दोन वर्षांत सुरक्षा-तपासणीच्या कारणाने शेकडो जणांना अचानक बाहेर काढण्यात आले. अनेकांच्या हाती 'अनकॅरॅक्टराइझ्ड' दाखला पडला. अमेरिकी सैनिकाला हा शेरा फारसा जाचत नाही. यांना मात्र जाचला, कारण सेवेच्या बळावर नागरिकत्व मिळायला 'ऑनरेबल' किंवा 'जनरल' लागतो. शिवाय नागरिकत्व मिळाल्यावर एकूण पाच वर्षांची सन्माननीय सेवा होण्याआधी वाईट शेऱ्यासह बाहेर पडले, तर मिळालेले नागरिकत्वही काढून घेता येते. तिकडे भरतीचा विचार करणाऱ्या मराठी मुलांनी पगाराच्या आकड्याआधी हे वाचावे.

आपल्याकडे चाल वेगळी आहे. भारतीय लष्करात शिक्षेची 'रेड इंक एंट्री' होते आणि अशा चार नोंदी झाल्या की जवानाला घरी पाठवण्याची प्रथा पडली होती. पेन्शनला लागणारी १५ वर्षे भरायच्या आतच अनेकांवर ही वेळ आली. केवळ चार नोंदी मोजून काढता येणार नाही, चौकशी करा, सेवेची वर्षे आणि खडतर नेमणुका विचारात घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बजावले. दाद मागायला सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, त्याचे एक पीठ मुंबईत आहे.

पुढे काय?

अमेरिकेत माजी सैनिकांच्या संघटना आणि विधी महाविद्यालयांची सल्ला केंद्रे हे अर्ज विनामूल्य करून देतात. सैनिक हयात नसेल तर कुटुंबीयही अर्ज करू शकतात. नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळांनी १८ महिन्यांत निकाल द्यावा, असे कायदा सांगतो. दोन्ही दारे बंद झाली, तर डिसेंबर २०१९ नंतर बाहेर पडलेल्यांसाठी आणखी एक अपील मंडळ आहे आणि त्यानंतर केंद्रीय न्यायालय.

आता प्रश्न घड्याळाचा आहे. अफगाणिस्तानात सुमारे एक लाख अमेरिकी सैनिक होते, ते २०१०-११ मध्ये. त्या काळात डिस्चार्ज झालेल्यांची पहिल्या मंडळापुढची १५ वर्षांची मुदत २०२५ आणि २०२६ मध्ये संपते. त्यानंतर त्यांच्यासाठी दुसरेच दार उरते, आणि तिथे आपण इतका उशीर का केला, हे आधी समजावून सांगावे लागते.